माशाला दम येईपर्यंत

त्या दिवशी तिनं माझ्या दोरीला माशी बांधून दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजच्यातलं शेवटचं काम ते. नदीकाठी घडीच्या खुर्चीवर बसली होती, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि दोन बोटांच्या चिमटीत माशी धरून तिच्या नाकातनं दोरी ओवत होती. माशी म्हणजे खरी नव्हे. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, गव्हाच्या दाण्याएवढी. तिचं भोक मला दिसत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात नुसता धूर. पाच-सहा वर्षं असंच चाललेलं, बांधायची तिनं आणि टाकायची मी.

गाठ मारली, थुंकी लावून आवळली, उरलेलं टोक दातानं तोडलं.

"दातानं तोडू नको म्हणून किती वेळा सांगायचं? कात्री आणलीय ना."

"कात्री तुमच्या खिशात. दात माझ्या तोंडात. घ्या, आणि जा आता माझ्या सवतीकडं."

नदीला ती सवत म्हणायची. मी पाण्यात उतरलो.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. लोक अजून फोनवर म्हणतात, एकदम गेली हो, काही त्रास नाही, कुणाला करायला लावलं नाही. अहेव गेली, भाग्याची. ज्यांना माहीत नाही ते म्हणतात. म्हणून हे लिहून ठेवतो. मी सातवी नापास, लिहायची सवय नाही. पण तोंडानं सांगायला गेलं की लोक मधेच समजूत घालायला लागतात. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

ती एकदम गेली नाही. दोन तास सांगत होती. मी ऐकत होतो. आणि त्याच संध्याकाळी मुलानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, एकदम गेली.

आम्ही नीरेकाठचे भोई. बापानं जाळं टाकलं, आज्यानं टाकलं. मला मरळ कुठं बसते ते पाण्याच्या रंगावरून कळायचं, पण पुढं नदीत कारखान्याचं पाणी आलं आणि मासा गेला. मी पंप दुरुस्तीच्या कामाला लागलो. तिथनं एका गुजराती शेठची ओळख झाली. त्याचं पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मोटेल होतं. नळ, हीटर, छप्पर बघायला माणूस पाहिजे होता, आणि खोल्या झाडायला त्याची बायको. कागद त्यानंच केले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आलो ते इथंच राहिलो. शेठ गेला, मोटेल विकलं, नव्या मालकानं मागच्या दोन खोल्या आम्हाला राहू दिल्या, कारण तिथल्या जुन्या पायपांची भाषा माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

मोटेल नदीला लागून. एप्रिल आला की मासेवाले यायचे. छातीपर्यंत रबरी विजारी, हातात बारीक काठी, आणि तासन्‌तास दोरी हवेत पुढंमागं. मी पहिल्या वर्षी बघितलं आणि तिला म्हणालो, "ही माणसं येडी आहेत. एवढ्या वेळात माझ्या बापानं टोपली भरली असती."

सहा नंबरच्या खोलीत एक म्हातारा गोरा दर वर्षी यायचा. त्याचा हीटर मी तीनदा दुरुस्त केला, त्या बदल्यात त्यानं मला काठी धरायला शिकवलं. त्याचं इंग्रजी हळू होतं आणि माझं नव्हतंच, पण मासे धरणाऱ्याला मासे धरणारा कळतो. त्यानं दगड उलटून दाखवला. खाली बारीक किडे चिकटलेले. हे वर्षभर तळाला असतात. वसंतात पाणी जरा ऊब धरतं तेव्हा एका दुपारी सगळे एकदम वर येतात, पाण्यावरच कात टाकतात आणि पंख वाळेपर्यंत होड्यांसारखे वाहत जातात. त्याला हॅच म्हणतात. तेवढ्यात ट्राउट, म्हणजे इथल्या गार पाण्यातला मासा, वर येतो आणि त्यांना गिळतो. दिवसाला दीड-दोन तास, सगळे मिळून दहा-बारा दिवस. मग तो किडा पुढच्या वर्षीच. त्याच्यासारखी दिसणारी माशी बरोबर जागी टाकली तर ट्राउट फसतो. वाकडी पडली, धारेनं ओढली गेली, की नाही फसत.

आणि धरलेला सोडायचा. आमच्या भागातल्या पाण्याचा तो नियमच आहे. सोडायचं कसं तेही त्यानं शिकवलं. हात ओले कर. माशाचं तोंड धारेकडं कर. पोटाखाली हात धरून ठेव, ढकलू नको. त्याला दम आला की तो आपला आपण जातो.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं, ओठात आकडा घालायचा, आणि दारातनं परत पाठवायचं?"

"तसंच."

"भोयाच्या घरात दिली म्हणून माझ्या आईनं मासे साफ करायला शिकवून पाठवलं. इथं येऊन माशाची पाठवणी करायला लागले."

पण डोळा गेल्यावर तीच माझ्याबरोबर यायला लागली. मी नदीत गुडघाभर, ती काठावर खुर्चीत, मांडीवर शाल, पायात मुलाचे जुने बूट. मासा वर आला की पाण्यावर एक वर्तुळ उठतं आणि मिटतं. मला ते दिसायचं नाही. तिला तीस हातांवरनं दिसायचं. "पडक्या झाडाच्या अलीकडं, हातभर," ती सांगायची. मी टाकायचो. माझी माशीही तीच बघायची. मासा माशीला आला की ओरडायची, "घ्या!" आणि मी काठी उचलायचो. पलीकडच्या काठावरचे गोरे हसायचे. त्यांनाही तो शब्द पाठ झाला होता. एकदा एकजण माझ्याकडं बघून "घ्या!" म्हणाला, तर मी खरंच काठी उचलली. ती हसून हसून खुर्चीतनं पडायची राहिली.

तर तो दिवस. आदल्या आठवड्यात सारखा गार पाऊस. हॅच लांबलेली. त्या दिवशी ढग होते पण हवा मऊ होती, वारा नाही, आणि मला सकाळीच कळलं की आज उठणार. तुम्हाला सांगतो, भोयाच्या पोटात कळतं ते. आम्ही अकराला काठावर. थर्मासमधला चहा प्यालो. ती अर्धाच प्याली.

बाराच्या सुमाराला म्हणाली, "अहो, जबडा ठणकतोय."

"कुठला दात?"

"दात नाही. सगळाच जबडा."

"बघू घरी गेल्यावर."

मग थोड्या वेळानं, "हात जड झालाय. हा." डावा हात उचलून दाखवला. मी म्हणालो, "शालीखाली दाबून बसलीस, मुंग्या आल्या असतील. झटक."

तिनं झटकला.

तिचं दुखणं कधी सरळ नसायचंच. चाळीस वर्षांत ती मला कधी "मला दवाखान्यात न्या" म्हणाली नाही. आमच्या बायका म्हणत नाहीत. जरा बरं नाही म्हणतात, जीव घाबरल्यासारखा होतोय म्हणतात, आणि मग उठून भांडी घासतात. नवऱ्यानं काय ते ओळखायचं असतं. आणि आमचं एकच औषध. काही झालं की पित्त, पित्त नसलं तर गॅस. तिच्या पर्समध्ये ओव्याची डबी कायम. मी पाण्यातनं बाहेर आलो, डबी काढली, ओवा आणि मीठ तिच्या तळहातावर घातलं. तिनं चावून खाल्लं, वर दोन घोट पाणी. ढेकर आला. मी म्हणालो, "बघ, गॅसच."

इथपर्यंत मला माफी आहे असं समजू. अडाणी माणूस, नाही कळलं. पण पुढचं लिहायचं म्हणून तर बसलोय.

एक वाजून गेला असेल. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. गार हवा, अंगात स्वेटर, वर शाल, आणि कपाळावर थेंब. वरच्या ओठावर थेंब. तोंडाचा रंग गेलेला. मोटेलवर एकदा एका पाहुण्याला असं होताना मी बघितलंय. अँब्युलन्सला दार मीच उघडून दिलं होतं. त्याला असाच घाम होता. मला ते आठवलं. नाही आठवलं असं मी म्हणू शकत नाही.

ती म्हणाली, "जाऊ या का घरी?"

मी म्हणालो, "अर्धा तास थांब. आता उठतील."

ती म्हणाली, "बरं."

मी पाण्याकडं तोंड फिरवलं.

आणि उठले. पावणेदोनला पहिला, मग दहा, मग पाण्यावर जागा उरेना. राखाडी पंख उभे करून होड्याच होड्या. मला एकेक दिसत नव्हता, पण पाण्याला अंग आल्यासारखं दिसत होतं, आणि चारही बाजूंनी मासे पाणी फोडताना ऐकू येत होते. मी पाठमोराच ओरडलो, "कुठं? सांग कुठं!"

ती खुर्चीतनं उठली. मला वाटलं, बघ, बरं वाटतंय हिला. माझ्या मागं काठापर्यंत आली आणि म्हणाली, "तो मोठा दगड. त्याच्या पाठीशी. मोठा आहे हो." आवाज बारीक होता. मी टाकली. "नाही. अलीकडं पडली." पुन्हा टाकली. "हां. येतोय. येतोय. घ्या."

ओरडली नाही. नुसतं म्हणाली.

मी काठी उचलली आणि तो लागला. एवढ्या वर्षांत तेवढा मोठा माझ्या दोरीला लागला नव्हता. धारेनं खाली गेला, रिळाची दोरी कर्रर्र करून घेऊन गेला. दोरी बारीक, घाई केली की तुटते. मी हळूहळू त्याच्या मागनं खाली चालत गेलो. पाच मिनिटं असेल, दहा असेल. एकदा मागं बघितलं. ती परत खुर्चीत जाऊन बसली होती, हनुवटी छातीवर. मी म्हणालो, झोपली. मनात म्हणालो असं नाही, तोंडानं म्हणालो. "झोप आत्ताच आली का गं तुला!" आणि माशाकडं वळलो.

आणला जवळ. तपकिरी, पोट पिवळं, अंगावर लाल ठिपके, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. गळ काढला. दमला होता, उलटा व्हायला लागला. मी हात ओले केले, त्याचं तोंड धारेकडं केलं, पोटाखाली हात धरला आणि उभा राहिलो. कल्ले हलायला लागले. मी ढकललं नाही. त्याला दम येईपर्यंत थांबलो. तीन मिनिटं, चार मिनिटं. मग शेपटीचा एक फटका मारून तो गेला.

मग मी तिच्याकडं गेलो.

पलीकडच्या काठावरच्या माणसानं माझी बोंब ऐकली. तो पाण्यातनं तसाच धावत आला, त्यानं फोन केला, तिला गवतावर आडवं केलं आणि छाती दाबत राहिला. ओळख ना पाळख, घामाघूम झाला बिचारा. मी नुसता उभा. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला की दहा मिनिटं, मला सांगता येणार नाही. त्यातल्या बाईनं मला हळू इंग्रजीत विचारलं, दुखणं कधी सुरू झालं?

मी म्हणालो, "नाऊ. जस्ट नाऊ."

पहिलं खोटं ते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का, मला माहीत नाही. नंतरही विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

हॉस्पिटलात त्यांनी तासाभरानं सांगितलं.

मुलगा आयसेलिनला राहतो, दोन तासांवर. साडेपाचला आला. ऑफिसातनं तसाच, गळ्यात ओळखपत्र लटकलेलं. तो आधी तिच्याजवळ आत गेला. बाहेर आला तेव्हा माझ्याशेजारी बसला आणि माझा हात धरला. आमच्यात हात धरायची पद्धत नाही. त्यानं धरला.

"बाबा, ती काही बोलली का? बिफोर? पेन, एनिथिंग?"

मी आयुष्यभर तोंडाचा फाटका. शेठला त्याच्या गिऱ्हाइकासमोर सांगितलं होतं की गाद्यांना वास येतो. मेव्हण्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, दुकान काढलं तेव्हा नारळ फोडल्या फोडल्या म्हणालो होतो की हे चालायचं नाही. सहा महिन्यांत बंद पडलं. ती दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. पण तेव्हापासून मेव्हणा सगळ्यांना सांगायचा, आमच्या दाजींच्या जिभेला हाड नाही, पण खोट पण नाही. कुणाचं काय खरं ते दाजींना विचारा.

मुलगा माझ्याकडं बघत होता. डोळे तिचेच.

"काही नाही बोलली," मी म्हणालो. "हसत होती. एकदम झालं."

त्यानं मान हलवली. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. "ओके," म्हणाला. "ओके. देन शी डिडंट सफर." आणि मग तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. बापासारखा.

मग त्यानं फोन लावायला सुरुवात केली. पुण्याला, बारामतीला, सांता क्लाराच्या चुलत भावाला. कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत प्रत्येकाला तेच. "अचानक. नाही, काहीच त्रास नाही झाला. हसत होती." माझंच वाक्य. दर फोनला ते जास्त खरं व्हायला लागलं. तिकडनं सगळे म्हणत असतील, सुटली, पुण्यवान. मुलाच्या तोंडावरनं कळायचं.

शेवटी त्यानं मामाला लावला. बराच वेळ ऐकत होता. मग फोन खाली धरून मला म्हणाला, "मामा म्हणतो, माहेरची साडी लागते. तो येऊ शकत नाही, व्हिसा नाही. म्हणतो दाजींना सांग, माझ्या वतीनं त्यांनीच घ्यावी. हिरवी. म्हणतो, दाजींच्या हातनं घेतली म्हणजे मीच नेसवली." तो थांबला. "व्हॉट डझ दॅट मीन, बाबा?"

मी सांगितलं. नवरा असताना बाई गेली की तिला नवरीसारखी नटवतात. हिरवी साडी, हिरवा चुडा, कुंकू, ओटी. शेवटची साडी माहेरची. ती आल्याशिवाय उचलायचं नाही. माहेरच्या माणसानं बघायचं असतं, आमची पोर बरोबर गेली का. काही वाकडं असेल तर तिथंच विचारायचा त्याला हक्क असतो. म्हणून साडी. साडी नुसती साडी नसते.

"ओके," मुलगा म्हणाला. "उद्या सकाळी जाऊ. ओक ट्री रोडवर आपली इंडियन दुकानं आहेत, तिथं मिळेल."

"मिळेल," मी म्हणालो.

रात्री तो माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपला. मी झोपलो नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी सातला तो अंघोळीला गेला. मी कपडे घालून तयार बसलो होतो, बूट घालून, दारातल्या खुर्चीवर. हवा भरलेल्या पिशवीसारखा रिकामा. साडी डोळ्यासमोर येत होती. मी दुकानात उभा आहे, पोरगी एकेक उलगडून दाखवतेय, मी म्हणतोय, ही द्या, ही तिच्या भावाकडनं. भावानं आंधळेपणानं आपला हक्क माझ्या हातात ठेवला होता. बघा आमची पोर बरोबर गेली का. आणि बघणारा मीच.

मुलगा बाहेर आला, डोकं पुसत. मी म्हणालो, "मामाला लाव."

"आत्ता? कशाला? कालच तर बोललो."

"लाव."

तिकडं संध्याकाळ होती. मेव्हण्यानं लगेच उचलला. मुलानं स्पीकर केला आणि फोन टेबलावर ठेवला. मागं बायकांचा आवाज येत होता, घर भरलेलं असणार.

"बोला दाजी. जेवलात का काही?"

"नाही. ऐक. मधे बोलू नको."

"बोला."

"तुला पोरानं सांगितलं ते खोटं आहे. त्याला मी खोटं सांगितलं. तुझी आक्का एकदम नाही गेली. बाराला जबडा दुखतोय म्हणाली. मग हात जड झाला म्हणाली. मी ओवा दिला. मग तिला घाम आला. तो मी बघितला. तो कशाचा घाम असतो ते मला माहीत होतं. घरी जाऊ म्हणाली. मी म्हणालो, थांब अर्धा तास. माशांसाठी. ती बरं म्हणाली. मग ती खुर्चीत मान टाकून बसली तेव्हा माझ्या हातात मासा होता. तो मी आधी सोडला. त्याला दम येईपर्यंत हातात धरून ठेवला, आणि मग तिच्याकडं गेलो. झालं. एवढंच आहे."

मागचा बायकांचा आवाज बंद झाला. त्यानं हात वर केला असेल, किंवा बाहेर गेला असेल.

मग तो म्हणाला, "कितीच्या सुमाराला म्हणाली, घरी जाऊ?"

"एक वाजून गेला होता."

"आणि गेली कधी?"

"दोन वाजून गेल्यावर."

"एक तास."

"हां."

"बाराला जबडा म्हणाली, म्हणजे दोन तास."

"हां."

नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं, त्याचा हक्क होता आणि माझी तयारी होती. पण तो हळूच म्हणाला, "दाजी, साडी तुम्ही घेऊ नका. भाच्याला एकट्याला पाठवा. तुम्ही त्या साडीला हात लावू नका."

"बरं," मी म्हणालो.

फोन बंद झाला.

मुलगा टॉवेल हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. "यू टोल्ड मी सडन," तो म्हणाला.

"सांगितलं."

"व्हाय? बाबा, व्हाय?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"तुला."

त्यानं टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याला काय वाटत होतं ते मला कळलं नाही, आणि अजून कळलेलं नाही. त्यानं विचारलं नाही, मीही विचारत नाही. रविवारी फोन करतो, औषधं घेतली का विचारतो. त्या सकाळी त्यानं शर्ट घातला, किल्ली घेतली, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"हिरवी म्हणजे कुठली हिरवी? खूप प्रकारच्या असतात."

"दुकानात सांग, सवाष्ण गेलीय. त्यांना कळतं."

"ब्लाऊज?"

"सांग, सगळं द्या."

तो गेला. गाडी पुलावरनं पलीकडं जाईपर्यंत मी दारात होतो. नदीच्या बाजूनं चार-पाच माणसं काठ्या घेऊन खाली चालली होती. त्यातल्या एकानं हात केला. मी आत आलो.

हॉस्पिटलनं तिची पिशवी दिली होती, ती सोफ्यावर तशीच पडलेली. मी उघडली. स्वेटर, शाल, पंजाबी ड्रेस. ड्रेस आणि स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापलेले. घाईत कापतात ते. गवत चिकटलं होतं, चिखल होता. या मोटेलच्या चादरी मी पंचवीस वर्षं मशीनला लावल्या, परक्या माणसांच्या. तिचा कपडा कधी हातानं धुतला नव्हता.

बाथरूमच्या टबात पाणी सोडलं. कोमट, गरम नाही, लोकर आटते. पाट नव्हता, गुडघ्यावर बसलो. साबण लावला, चोळलं, चिखल निघाला. गवताचा डाग निघाला नाही. तीन पाण्यांतनं काढून पिळलं आणि मागच्या दोरीवर घातलं, कापलेल्या दोन्ही बाजू एकमेकींवर ओढून, चिमटे लावून.